नऊ ठिकाणची ज्वारी

बार्शीच्या गहिनीनाथ कसपट्यांना चूक शोधावी लागत नसे. चूकच त्यांना शोधत यायची. लग्नाच्या पंगतीत बसले की पत्रिकेतला ‘आशिर्वाद’ त्यांच्या घशात अडकायचा आणि वर दोन वाट्या मठ्ठा प्यायला तरी खाली उतरायचा नाही. मेहुण्याला पोचवायला गेले तेव्हा कमानीवर ‘स्मशानभुमी’ वाचून त्यांनी तिरडी थांबवली, असं मेहुण्याकडची माणसं अजून सांगतात. तसं काही झालं नव्हतं. तिरडी थांबली नव्हती, फक्त एका खांदेकऱ्याची चाल जरा मंदावली होती.

धंदाच तसा. ‘दैनिक बालाघाट’ निघत होतं तोवर एकोणचाळीस वर्षं ते तिथे मुद्रितशोधक होते. शेवटचं पान त्यांच्याकडे, म्हणजे मार्केट यार्डातले भाव. बातमीदार तूर, हरभरा, उडीद नीट लिहायचा आणि ज्वारीला मात्र न चुकता ‘जवारी’ लिहायचा. गहिनीनाथ ती काटून ‘ज्वारी’ करायचे. दहा हजार वेळा तरी झालं असेल. शेवटी शेवटी डोळ्यांनी वाचायच्या आधीच हात काट मारून मोकळा व्हायचा.

या धंद्यात एक खूण असते. शब्दावर काट मारली आणि मग कळलं की मूळचाच शब्द बरोबर होता, तर त्याच्याखाली टिंबांची ओळ द्यायची आणि समासात लिहायचं, ‘तसेच ठेवा’. मारलेला शब्द जिवंत होतो. गहिनीनाथांनी ही खूण उभ्या नोकरीत दोनदा वापरली. दोन्ही वेळा संपादक शेजारी उभे होते.

बायको द्वारका एस.टी.त कंडक्टर. बार्शी-भूम, बार्शी-परांडा. तिच्या आवाजाला एक खर होती, तापल्या तव्यावरून भाकरी सरकवावी तशी. ती बार्शीच्या स्टँडवर ‘पुढं सरका’ म्हणाली की कुर्डुवाडीच्या फलाटावर माणसं सरकायची, असं डेपोत म्हणत. साखरपुडा झाल्यावर तिने गहिनीनाथांना एक पत्र धाडलं होतं. त्यात शेवटी होतं, ‘तुमच्या शिवाय कर्मत नाही.’ आठ दिवसांनी पत्र परत आलं, लाल शाईने सतरा खुणा केलेलं. शेवटच्या ओळीपाशी समासात लिहिलं होतं, ‘करमत. आणि तुमच्याशिवाय एकत्र.’

दुसरीने लग्न मोडलं असतं. द्वारकाने ते पत्र तिकिटांच्या ट्रेच्या तळाशी ठेवलं आणि पुढे चौतीस वर्षं बसमधल्या बायांना सांगत राहिली, “आमच्या मालकानं माझं पत्र तपासून परत धाडलं बघा. पास का नापास, ते अजून सांगितलेलं न्हाई.”

दोन हजार त्रेचाळीसच्या हिवाळ्यात तिच्या घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. द्वारकाच्या हातात पाटी आली. तीन आठवडे घरात पाटीवरच्या पेन्सिलीचा कर्रकर्र आवाज आणि त्यामागे गहिनीनाथांचं हळू आवाजातलं ‘वेलांटी दुसरी’, एवढंच ऐकू यायचं. चौथ्या आठवड्यात तिने पाटीवर लिहिलं, ‘आता ऐकदा वेलांटी म्हनाला तर पाटी डोसक्यात घालीन.’ या वाक्यात तीन चुका होत्या. त्यांनी त्या मनातच दुरुस्त केल्या.

मग कंठी आली.

कंठी म्हणजे गळ्यात घालायचा बोटभर रुंदीचा मऊ पट्टा. स्वरयंत्र काढलं तरी बोलायचं मनात आलं की मेंदू मानेच्या स्नायूंना हुकूम सोडतच राहतो. ते हुकूम विजेच्या बारीक लहरींसारखे कातडीपर्यंत येतात. कंठी ते टिपते, त्यांचे शब्द जुळवते आणि टिकलीएवढ्या स्पीकरमधून बोलते. इतकं तर दहा वर्षांपूर्वीची यंत्रंही करत. पण त्यांचा आवाज बाटलीतल्या पाण्यासारखा, कुणाचाच नसलेला. कंठीतून माणूस स्वतःच्या आवाजात बोलायचा.

ही करामत मिरजेच्या रुबिना सतारमेकर या पोरीची. तिच्या घरात सात पिढ्या तंबोरे घडतात. तंबोऱ्याची तार नुसती ताणून छेडली तर टण्ण करून गप्प बसते. तार जिच्यावरून जाते ती हाडाची घोडी कारागीर कानसेने घासत जातो, दिवसचे दिवस, तारेला तिचा ओझरता स्पर्श होईपर्यंत. मग तारेतून तो गुंजणारा, झणझणीत नाद फुटतो. रुबिनाला वाटलं, माणसाच्या आवाजातही असंच काहीतरी घासत असणार. तिने शोधलं आणि तिला सापडलं. प्रत्येकाच्या नसांमधून येणाऱ्या हुकमांत एक बारीक थरथर असते, अंगठ्याच्या ठशासारखी ज्याची त्याची. ती पकडून आवाजावर चढवली की आवाज माणसाचा होतो. एकच मेख होती. ऑपरेशननंतर नसा आपली जुनी सवय जेमतेम दीडदोन महिने धरून ठेवतात, मग विसरतात. तेवढ्यात कंठीने शिकलं तर शिकलं.

द्वारकाच्या कंठीने पाचव्या आठवड्यात ते शिकून घेतलं. दवाखान्यात चाचणीसाठी दारात पाचसात नातेवाईक दाटले होते. द्वारकाने घसा खाकरल्यासारखं केलं, सवयीने. मग कंठीतून ती खर आली.

“दारात गर्दी करू नका, पुढं सरका.”

नर्ससकट सगळे पुढं सरकले. गहिनीनाथ तेवढे जागीच उभे राहिले. त्यांना खिशातला रुमाल सापडत नव्हता.

घरी आल्यावर त्यांनी कंठीची माहितीपुस्तिका उघडली आणि पहिल्याच ओळीत त्यांना तीन चुका भेटायला आल्या.

आता इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. पूर्वी यंत्र आधी व्हायचं आणि पुस्तिका मागून यायची. ती कुणी वाचत नसे, लिहिणाराही नाही. पुढे काळ फिरला. यंत्रांना साधी भाषा कळू लागली आणि माणसांनी प्रोग्राम लिहिणं सोडून दिलं. यंत्राने कसं वागायचं ते पुस्तिकेत लिहायचं, यंत्र रोज दुपारी तीनला पुस्तिका वाचतं आणि तसं वागतं. पुस्तिका हेच यंत्र. कंठी खुली होती, म्हणजे तिची पुस्तिका कुणीही वाचावी, कुणीही दुरुस्ती सुचवावी. आणि शरीराला लागणाऱ्या यंत्रांना कायद्याने एक शिस्त होती. अंदाज बांधायचा नाही. जे लिहिलंय तेच. मनाने अर्थ लावणाऱ्या यंत्रांनी आधी बराच घोळ घालून ठेवला होता.

गहिनीनाथांना यंत्रातलं काही कळत नव्हतं. पण ज्या वस्तूने द्वारका परत दिली तिच्या अंगावर इतकी कसपटं असावीत, हे त्यांना पाहवेना. काहीतरी परतफेड करायची होती आणि हातात एवढी एकच विद्या होती. त्यांनी पहिल्या दिवशी बेचाळीस दुरुस्त्या पाठवल्या. संध्याकाळी रुबिनाचा फोन आला.

“काका, तुम्ही माणूस आहात का मशीन?”

“माणूस आहे. मशीन असतो तर तुमचं ‘आस्ते’ मी ‘असते’ केलं नसतं, तसंच वाचलं असतं.”

“आता काय सांगू काका. आमच्यात घरी बोलायचं वेगळं, शाळेत इंग्रजी. मराठी मी कानानंच लिहिते.”

“कान चांगला आहे तुमचा. ऱ्हस्व-दीर्घ तेवढं ऐकू येत नाही.”

ती खूप हसली. महिनाभरात त्यांच्या सहाशे दुरुस्त्या झाल्या आणि तिने त्यांना एक मुभा दिली. ‘किरकोळ दुरुस्ती’ अशी खूण केलेला बदल तिने न पाहताच थेट पुस्तिकेत जाईल. शिवाय नव्या पुस्तिकेवर चालणारी कंठी आधी चार दिवस चाखून बघायला एक माणूस लागतो; गहिनीनाथांनी अभिमानाने द्वारकाचं नाव घातलं. आपण सुधारलेलं वाक्य सगळ्यांत आधी तिच्या गळ्यात जावं, एवढाच हेतू.

“माझ्या गळ्यात काय काय घालताय बघा,” द्वारका म्हणाली. “मंगळसूत्रानंतर मण्यांची एक वळ घातली न्हाई तुम्ही.”

“वळ नाही, ओळ.”

“वळच. मी तशीच म्हणणार. आता मला आवाज हाय.”

एका मंगळवारी गहिनीनाथ सातव्या प्रकरणाला बसले. रुबिनाने लिहिलं होतं: ‘कंठीत ज्याची त्याची जवारी बसवलेली आस्ते. ती माणसा गणीक वेगळी. जवारी घासून घासूनच येते, ऐकदा गेली की परत नाही. म्हणून जवारीची नक्कल ठेउ नये.’

तंबोरा त्यांनी आयुष्यात लांबूनच पाहिलेला. पण तो मुद्दा नाही. मुद्दा असा की त्यांनी तो शब्द वाचलाच नाही. डोळे ‘आस्ते’वर होते, हात ‘जवारी’वर गेला. प्रकरणात तो शब्द नऊ ठिकाणी होता. नऊही ठिकाणी ज्वारी झाली. ‘गणीक’चं ‘गणिक’ झालं, ‘ठेउ’चं ‘ठेवू’. किरकोळ दुरुस्ती म्हणून त्यांनी खूण केली आणि समाधानाने सुपारी कातरली.

तीन वाजता कंठीने पुस्तिका वाचली. द्वारका उशिरा जेवायला बसली होती. तिने भाकरीचा पहिला घास घेतला आणि गळ्यातून कंठीच म्हणाली, “घशात ज्वारी अडकली असल्यास थोडे पाणी प्यावे.”

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मग द्वारका जी हसायला लागली ती तिला ताट बाजूला सारावं लागलं. “अहो, हिला कुणी सांगितलं भाकरीचं? गव्हाची पोळी खाल्ली तर काय म्हणंल?”

“वाक्य मात्र निर्दोष आहे,” गहिनीनाथ म्हणाले. “‘असल्यास’, ‘प्यावे’. बघ, सुधारणा होते.”

उरलेला दिवस तो खेळ चालला. शेजारची नंदा बघायला आली, तिच्यासमोर द्वारकाने मुद्दाम घास घेतला. कंठी बिचारी सांगत होती ते कुणाच्या लक्षात आलं नाही: पुस्तिकेप्रमाणे आता गळ्यात ज्वारी बसवलेली होती. तिच्याजवळ द्वारकाची जवारी, म्हणजे नसांची ती थरथर, होती आणि पुस्तिकेत जवारीचं नाव उरलं नव्हतं. पुस्तिकेत ज्या गोष्टीचं नाव नाही ती गोष्ट चोवीस तास सांभाळायची, मग पुसून टाकायची, असा नियम. आवाज चोरून लोकांना गंडवण्याचे इतके प्रकार झाले होते की माणसाचा ठसा विनाकारण बाळगणं गुन्हा ठरला होता. ठसा फक्त त्या एका कंठीत, नक्कल कुठेच नाही. गहिनीनाथांनी त्या चोवीस तासांत शांतपणे एकदा विचार केला असता, की हिला ज्वारी कुठून सुचली. ते हसत होते.

बुधवारी दुपारी द्वारका भाजीवाल्याशी दारात हुज्जत घालत होती. “वांगी काय म्हणून घेऊ मी, सगळी किडकी, तुझ्या आज्जीनं तरी,” आणि वाक्याच्या मध्येच तीन वाजले. पुढचं वाक्य दुसऱ्याच बाईने पूर्ण केलं. “अशी वांगी विकली होती का.”

उच्चार स्वच्छ. आवाज गुळगुळीत, फरशी पुसून काढल्यासारखा. भाजीवाल्याने मागे वळून घरात आणखी कोण आहे ते पाहिलं.

द्वारकाने गळ्याला हात लावला. “अहो,” त्या बाईने हाक मारली. “अहो, हे काय झालं.”

संध्याकाळी नाशिकहून मुलीचा, मृणालचा, रोजचा फोन आला. द्वारका म्हणाली, “मृणाल, बाळा, मी आई.”

पलीकडून मृणालचा आवाज, पाठ केलेला, कडक: “आवाज गुळगुळीत, फोन ठेवा.” आणि फोन बंद झाला. त्या वर्षांत ही ओळ शाळेच्या भिंतींवर, रिक्षांच्या पाठीवर, दुधाच्या पिशव्यांवर छापलेली असे. खोट्या आवाजाला बळी पडू नये म्हणून लेकरांना बाराखडीच्या आधी शिकवत. मृणालने आईला जे करायला सांगितलं होतं तेच स्वतः केलं.

गहिनीनाथांनी आपल्या फोनवरून लावून सगळं समजावलं, तेव्हा ती रडली. पण द्वारकाशी बोलताना ती पहिल्यासारखी बोलेना. “हो आई, बरं आई,” असं, बँकेतल्या माणसाशी बोलावं तसं बोलली.

द्वारकाने फोन ठेवला, कंठी काढली आणि कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली. फळीवरून पाटी खाली काढली, पदराने धूळ पुसली.

गुरुवारी सकाळी रुबिनाचा फोन आला. तिने रात्रीतून बाकीच्या कंठ्या थांबवल्या होत्या. त्या सगळ्या वाचल्या. गेली ती एकच.

“काका, ‘जवारी’ काढली कुणी?”

“जवारी असा शब्द नाही,” गहिनीनाथ म्हणाले. म्हणतानाच त्यांना आपला आवाज ऐकू आला.

मग रुबिनाने त्यांना जवारी म्हणजे काय ते सांगितलं. घोडी, तार, कानस. 

“परत लिहितो मी तो शब्द,” ते म्हणाले. “नऊही ठिकाणी. आत्ता लिहितो.”

“मी लिहिलाय, काका. पण द्वारकाचाचींच्या नसा आता विसरल्या. कंठी शिकणार कुणाकडून?”

“काही तरी असेल. टिंबं देतो खाली. म्हणजे आमच्यात एक खूण असते.”

रुबिना म्हणाली, “आमचे दादाजी म्हणायचे, तार तुटली तर दुसरी चढवता येते. घोडीवर एक घासा जास्त पडला, की घोडी गेली. ते रडायचे पण, काका. म्हातारा माणूस, हाडाच्या तुकड्याला धरून.” मग म्हणाली, “मी वाचायला पाहिजे होतं. तुम्ही आहात म्हणून मी वाचलं नाही.”

द्वारका दारात उभी होती. तिने किती ऐकलं हे त्यांना कळलं नाही. लपवता आलं असतं. यंत्र बिघडलं म्हणून सांगितलं असतं तर तिने ऐकलं असतं. चौतीस वर्षं बिघडणाऱ्या गाड्यांतून हिंडलेली बाई.

“यंत्र बिघडलं नाही,” ते म्हणाले. “मी शब्द दुरुस्त केला. जवारीची ज्वारी केली. नऊ ठिकाणी.”

तिने पाटी घेतली. ‘माझा आवाज त्या शब्दात व्हता?’

“हो.”

ती खाटेवर बसली. पाटीवर काही लिहू लागली, मग पुसलं, मग पेन्सिलच खाली ठेवली. खाटेवर पडलेल्या चमच्याने तिने खाटेच्या लोखंडी नळीवर एकच टोला दिला. एस.टी.त एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. गहिनीनाथ थांबले.

ते थांबले ते थांबलेच. रुबिना मिरजेहून येऊन तिच्या पायाशी बसून गेली. मृणाल चार दिवस राहून गेली. गहिनीनाथ बोलेनात. हो-नाही मानेने सांगायचे. जिचा आवाज आपण काटला तिच्यापुढे आपण कोणत्या तोंडाने बोलायचं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. पुस्तिकेचं काम त्यांनी सोडलं, त्याआधी फक्त एक करून ठेवलं. सातव्या प्रकरणाच्या तळाला एक टीप घातली: ‘जवारी हा शब्द असाच लिहावा. शंका आल्यास लिहिणाऱ्याला विचारावे.’ लाल पेन त्यांनी माळ्यावर टाकलं. दारावरून ‘पावशेर पणीर’ लिहिलेला टेम्पो गेला तरी मान वर करेनात.

घरात दोन माणसं आणि आवाज एकाचाही नाही. असे तीन महिने गेले. कुकरची शिट्टी झाली की दोघं दचकायची.

चैत्रातल्या एका दुपारी ते खिडकीशी बसले होते. पाटीची कर्रकर्र बराच वेळ चालू राहिली. मग द्वारकाने पाटी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. मोठी, तिरकी अक्षरं, ओळ चढत गेलेली.

‘तुमच्या बोलन्या शिवाय कर्मत नाही.’

गहिनीनाथांनी वाचलं. एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं. प्रेसमध्ये एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने खुणा करायच्या अशी पद्धत असते, आणि वाचणाऱ्याने जे लिहिलंय तेच वाचायचं असतं. तीन महिन्यांनी त्यांनी तोंड उघडलं. घसा बसला होता, खरखरत होता.

“तुमच्या,” ते थांबले, कारण तिने तिथे जागा सोडली होती. “बोलन्या. शिवाय. कर्मत नाही.”

कर्मत. आयुष्यात पहिल्यांदा ते असं म्हणाले. म्हणून पाहिल्यावर त्यांना वाटलं, या शब्दाला एक खर आहे.

त्यांनी तिच्या हातातून पेन्सिल घेतली. द्वारका बघत होती, कपाळाला आठी घालून. त्यांनी काट मारली नाही. ‘कर्मत’च्या खाली एक टिंब दिलं, दुसरं दिलं, अशी ओळभर टिंबं दिली आणि कडेला जागा नव्हती तिथे बारीक अक्षरात लिहिलं, ‘तसेच ठेवा.’

या खुणेची गोष्ट द्वारकाला माहीत होती. उभ्या जन्मात दोनदा, तेही संपादक शेजारी उभे असताना. ती टिंबांकडे बराच वेळ पाहत राहिली. मग चमचा शोधून तिने खिडकीच्या गजावर दोन टोले दिले.

गहिनीनाथ बोलू लागले. काय बोलावं ते सुचेना म्हणून समोरच्या लिंबाला किती मोहर आलाय ते सांगू लागले. बोलताना एक डोळा पाटीवर होता. ही पाटी अशीच फळीवर ठेवू, उद्या स्टँडजवळून दुसरी घेऊन येऊ, असं त्यांच्या मनात होतं.

पण द्वारकाला आणखी सांगायचं होतं. तिने पाटी ओढून घेतली, त्यांना काही म्हणता येईपर्यंत पदर फिरवून स्वच्छ केली आणि त्याच जागी लिहिलं:

‘च्या ठेवा.’

त्यांनी पुसलेल्या पाटीकडे पाहिलं. टिंबांपैकी एक कोपऱ्यात राहिलं होतं, तेही तिने अंगठ्याने पुसलं. मग ते उठले आणि त्यांनी च्या ठेवला.